पस्तिसाची रेघ
(द्वितीय वर्ष, कला)

इ. स. १८७५ मधली गोष्ट. आमच्या दापोली तालुक्यातल्या मुरूड गावचा एक मुलगा सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. पावसाळा असल्यामुळे बोटी बंद होत्या. तेव्हा तो आणि त्याचे सोबती सह्याद्री ओलांडून, शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवीत साताऱ्यास पोहोचले. या परीक्षेला बसणाऱ्याची सतरा वर्षे पुरी झालेली असावीत, असा नियम होता. मुलाची ती झालीही होती. पण अंगकाठी लहान. परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरविले आणि त्याला परीक्षेला बसू दिले नाही. आल्या वाटेने तो परत गेला. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्याने तीच परीक्षा दिली व तो पास झाला. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे १८८४ साली ते गणित घेऊन बी. ए. झाले, १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले आणि १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले.

शाळेत ही गोष्ट आपण चिकाटीचा धडा म्हणून शिकलो. मला ती मोजमापाचा धडा म्हणूनही महत्त्वाची वाटते. कुणाला पुढे जाऊ द्यायचे आणि कुणाला थांबवायचे हे ठरविताना चार गोष्टी लागतात. एक, कोणता गुण पाहायचा. येथे तो पोक्तपणा होता. दुसरी, तो मोजायचा कशाने, येथे वयाने. तिसरी, रेघ कुठे ओढायची. येथे सतराव्या वर्षावर. आणि चौथी, मोजण्यात चूक झाली तर तिची भरपाई कोणी करायची. कर्व्यांच्या बाबतीत समितीने चूक केली आणि वर्ष गेले ते मुलाचे.

आज वयाऐवजी मार्क आहेत. दहावीला पस्तीस, बारावीला पस्तीस, आणि कॉलेजात आल्यावर मुंबई विद्यापीठाचे चाळीस. या रेघांच्या अलीकडे-पलीकडे आपले सर्वांचे आयुष्य वाटले गेले आहे. पण पस्तीस मार्क मिळालेला विद्यार्थी कॉलेजच्या अभ्यासाला तयार आहे आणि चौतीस मिळालेला नाही, हे कोणी, कधी, कसे ठरविले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

दार आणि दाखला

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी. १८६२ साली ज्या चौघांना या विद्यापीठाची पहिली बी. ए. पदवी मिळाली, त्यांतही हे दोघे होते. भांडारकरांचे शालेय शिक्षण रत्नागिरीत झाले होते, ही आपल्या जिल्ह्याला अभिमानाची गोष्ट आहे.

ही मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठ स्वतः घेत असे. कॉलेजातील व्याख्याने इंग्रजीतून होत. ती ऐकून समजण्याइतकी मुलाची तयारी आहे की नाही, एवढेच तिला पाहायचे होते. ती कॉलेजच्या दारावरची परीक्षा होती. पण लवकरच सरकारी कचेऱ्यांत नोकरीसाठी मॅट्रिक पास असणे महत्त्वाचे ठरू लागले. ज्यांना कॉलेजात जायचेच नव्हते असे हजारो विद्यार्थी त्या परीक्षेला बसू लागले. दाराचा दाखला झाला.

१९४९ पासून मॅट्रिकच्या जागी शालान्त परीक्षा म्हणजे एस. एस. सी. आली आणि ती विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविलेला दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध महाराष्ट्राने १९७२ पासून स्वीकारला. दहावीअखेरची पहिली शालान्त परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. परीक्षेचे नाव बदलले, वर्षे बदलली, पण एक घोटाळा तसाच राहिला. एकाच परीक्षेने दोन वेगळी कामे करायची : शालेय शिक्षण पुरे केल्याचा दाखला द्यायचा, आणि पुढच्या शिक्षणाला विद्यार्थी तयार आहे की नाही हेही सांगायचे. दोन्हींसाठी रेघ मात्र एकच. पहिले काम मागे पाहण्याचे आहे, दुसरे पुढे पाहण्याचे. एकाच पट्टीने दोन्ही नीट मोजता येतील, असे गृहीत धरण्याला आधार नाही.

याचे उदाहरण माझ्या घरातच आहे, म्हणून सांगते. माझी आई १९९८ साली दहावीला बसली. मराठी, इतिहास-भूगोल या विषयांत तिला चांगले मार्क होते. गणितात ती चार मार्कांनी गेली. पुन्हा फॉर्म भरायला घरी पैसे नव्हते. तिला कॉलेजात जाऊन मराठी घ्यायचे होते. म्हणजे ज्या शिक्षणात गणिताचा संबंध येणारच नव्हता, त्याचे दार गणिताच्या चार मार्कांनी बंद झाले. आज ती दाभोळच्या बंदरावर सुकी मासळी घेते आणि विकते. वजनाचा, दराचा, उधारीचा सगळा हिशेब तोंडी करते आणि त्यात तिची चूक झालेली मी पाहिलेली नाही.

रेघ तीच, निकाल निराळा

पस्तीस हा आकडा ऐकताना तो फार पक्का वाटतो. जणू खडकावर कोरलेली खूण. पण मंडळाने जाहीर केलेले राज्याचे दहावीचे निकाल ओळीने ठेवून पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर उतरला. २०२० साली ९५.३० टक्क्यांवर चढला. २०२१ साली करोनामुळे परीक्षा झालीच नाही. शाळांच्या मूल्यमापनावर निकाल लावला, तो ९९.९५ टक्के होता. २०२५ साली तो ९४.१० टक्के होता.

या काळात पासाची रेघ पस्तिसावरून हलली नव्हती. मग एका वर्षात बारा टक्के विद्यार्थी कमी तयार आणि पुढच्या वर्षी अठरा टक्के अधिक तयार, असे झाले का? तसे कोणीच म्हणणार नाही. २०१९ साली दहावीचा अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे यांतील शाळेच्या हातचे वीस मार्क काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले; शिवाय करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी मार्क दिले गेले. मोजायची पट्टीच बदलली, म्हणून माप बदलले.

आपल्या कोकण विभागाला हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा आपला विभाग दरवर्षी निकालात राज्यात पहिला येतो. २०१९ च्या कठीण वर्षीही तो ८८.३८ टक्क्यांसह पहिला होता. २०२५ साली त्याचा निकाल ९८.८२ टक्के लागला. वर्तमानपत्रांत मथळे येतात, आपल्याला आनंद होतो, तो व्हावाही. पण शंभरांतले जवळजवळ नव्व्याण्णव रेघेच्या वर असतील, तर ती रेघ त्या नव्व्याण्णवांविषयी कॉलेजला फारसे काही सांगू शकत नाही. सगळेच तयार आहेत असे मानून कॉलेज त्यांना आत घेते, आणि खरी परीक्षा आत आल्यावर सुरू होते.

याच्या उलट प्रकारही घडतो. पुष्कळदा रेघ विद्यार्थ्याची तयारी पाहून ठरत नाही, रिकाम्या जागा पाहून ठरते. २०२३ साली वैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट परीक्षेची पात्रतेची रेघ शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणली गेली. परीक्षेला जो बसला तो पात्र, असा तिचा अर्थ झाला. जागा रिकाम्या राहू नयेत हा हेतू समजण्यासारखा आहे. पण मग त्या रेघेला तयारीची रेघ म्हणता येणार नाही.

वीस मार्कांचा प्रस्ताव

एका परीक्षेची ही दोन कामे वेगळी करण्याचा एक प्रस्ताव २०२४ साली आपल्या राज्यात पुढे आला. राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात असे सुचविले गेले की, दहावीला गणित किंवा विज्ञान या विषयांत पस्तिसापेक्षा कमी पण वीस किंवा अधिक मार्क मिळाले, तर विद्यार्थ्याला पास करावे. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा यावा की, गणित-विज्ञानावर आधारलेले पुढचे शिक्षण त्याला घेता येणार नाही. ज्याला ते घ्यायचे असेल त्याने पुन्हा परीक्षा द्यावी. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा हे लागू व्हावे, अशी कल्पना होती.

या प्रस्तावावर बरीच टीका झाली. दर्जा घसरेल, असे पुष्कळांनी म्हटले. मला त्यातील विचार बरोबर वाटतो आणि आकडा कच्चा वाटतो. विचार बरोबर अशासाठी की, 'तयार' हा शब्द अर्धा आहे. कशासाठी तयार, हे सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही. दाभोळच्या खाडीत होडी घालणाऱ्याला विचारा. भरतीचे पाणी पुरेसे आहे का, याला तो एकच उत्तर देणार नाही. होडी कोणती, तिच्यात माल किती, ती किती बुडते, हे आधी विचारील. छोट्या पगाराला पुरणारे पाणी मोठ्या ट्रॉलरला पुरत नाही. इंजिनिअरिंगला लागणारे गणित आणि इतिहासाच्या पदवीला लागणारे गणित यांना एकच रेघ लावणे तितकेच चुकीचे आहे.

आकडा कच्चा अशासाठी की, वीसच का? अठरा का नाही, पंचवीस का नाही? हा प्रश्न पस्तिसालाही लागू आहे. केंद्रीय मंडळाची पासाची रेघ तेहतीस आहे, आपली पस्तीस. दिल्लीचा मुलगा दोन मार्कांनी आमच्यापेक्षा आधी तयार होतो, असे काही आहे का? हे गोल किंवा सवयीचे आकडे आहेत. तेव्हा आकडा कसा काढावा, याचे काही शास्त्र आहे का ते पाहू.

रेघ ओढावी कशी?

मुख्यतः दोन रीती आहेत. पहिली जाणकारांच्या अंदाजाची. अमेरिकेतील विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९७१ साली त्यांनी ती मांडली. अनुभवी शिक्षकांना एकत्र बसवायचे. त्यांनी डोळ्यांपुढे असा विद्यार्थी आणायचा की, जो पुढच्या शिक्षणाला जेमतेम पुरा पडेल. हुशार नाही आणि अगदी कच्चाही नाही. मग प्रश्नपत्रिकेतील एकेक प्रश्न घेऊन सांगायचे की, असा विद्यार्थी यात किती मार्क मिळवील. समजा, दहा-दहा मार्कांचे पाच प्रश्न आहेत आणि शिक्षकांच्या अंदाजांची सरासरी अनुक्रमे ८, ६, ५, ४ आणि ३ आली. बेरीज २६. म्हणजे त्या प्रश्नपत्रिकेसाठी रेघ पन्नासपैकी सव्वीस. पुढच्या वर्षी प्रश्न कठीण निघाले तर बेरीज कमी येईल आणि रेघही खाली येईल. पट्टी बदलली की खूणही सरकते, हा या रीतीचा मोठा गुण. दोष हा की, सगळी भिस्त शिक्षकांच्या मनातल्या त्या 'जेमतेम' विद्यार्थ्यावर.

दुसरी रीत अनुभवाच्या हिशेबाची. विद्यार्थी कॉलेजात आल्यावर त्यांचे काय झाले ते पाहायचे आणि मागे जाऊन त्यांच्या प्रवेशावेळच्या मार्कांशी ते जुळवायचे. अमेरिकेत सॅट नावाची परीक्षा आहे. २०१६ साली तिचे नवे रूप आले तेव्हा कॉलेजच्या तयारीच्या खुणा अशाच ठरविल्या : भाषेत ८०० पैकी ४८०, गणितात ८०० पैकी ५३०. या आकड्यांचा अर्थ असा की, इतके मार्क मिळविणाऱ्याला कॉलेजच्या पहिल्या सत्रात त्या विषयात निदान 'सी' श्रेणी मिळण्याचा संभव शेकडा ७५ आहे. येथे आकड्याला अर्थ आहे. तो नापास-पास असे सांगत नाही, संभव सांगतो. आमच्या पस्तिसाला असा कोणताही अर्थ जोडलेला नाही.

दोन चुका

पण या रीतीतही एक मेख आहे. ती समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका कला महाविद्यालयात शंभर विद्यार्थी आले. बारावीला साठ किंवा अधिक टक्के मिळालेले ३० होते. त्यांतले २४ पहिल्या सत्रात यशस्वी झाले. पंचेचाळीस ते साठच्या दरम्यानचे ४० होते; त्यांतले २२ यशस्वी झाले. पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यानचे ३० होते. त्यांतले ९ यशस्वी झाले. म्हणजे वरच्या गटात यशाचा संभव शेकडा ८०, मधल्यात ५५ आणि खालच्यात ३०. मार्क वाढतात तसा संभव वाढतो, हे खरेच आहे.

आता रेघ ओढू. ती पस्तिसावर ओढली तर शंभरही आत येतात आणि ४५ जण अयशस्वी होतात. पंचेचाळिसावर ओढली तर सत्तर आत येतात; त्यांतले २४ अयशस्वी होतात, पण बाहेर ठेवलेल्या तिसांतले ९ असे आहेत की जे यशस्वी झाले असते. साठावर ओढली तर आतले अयशस्वी फक्त ६ उरतात, पण बाहेर ठेवलेल्यांत यशस्वी होऊ शकणारे ३१ जण असतात.

चुका दोन प्रकारच्या आहेत. नको त्याला आत घेणे ही एक. हव्या त्याला बाहेर ठेवणे ही दुसरी. दोन्ही सारख्याच वाईट मानल्या तर एकूण चुका अनुक्रमे ४५, ३३ आणि ३७ होतात. म्हणजे पंचेचाळिसाची रेघ उत्तम. पण दुसरी चूक पहिलीच्या तिप्पट वाईट मानली तर हिशेब ४५, ५१ आणि ९९ असा होतो, आणि पस्तिसाची रेघच उत्तम ठरते. उलट अमेरिकेप्रमाणे शेकडा ७५ चा संभव हवा असे म्हटले, तर फक्त साठाच्या वरचा गट उरतो. विद्यार्थी तेच, मार्क तेच, यशही तेच. तरी रेघ हलली. कारण कोणती चूक किती वाईट, हे आपण मनात आधी ठरविलेले असते. ते गणित सांगत नाही. ते आपल्याला सांगावे लागते, आणि उघडपणे सांगितले पाहिजे.

या दोन चुकांत आणखी एक फरक आहे. पहिली चूक दिसते. नापास झालेल्यांची नावे यादीत येतात, प्राध्यापक हळहळतात, दर्जा घसरला अशी चर्चा होते. दुसरी चूक दिसत नाही. ज्याला आत घेतलेच नाही, तो यशस्वी झाला असता की नाही हे कुणालाच कळत नाही. तो मुंबईला नोकरीला गेलेला असतो, बोटीवर गेलेला असतो, नाहीतर बंदरावर मासळी निवडीत असतो. कोणत्याही अहवालात त्याचा रकाना नसतो.

चार मार्कांचा फरक

याशिवाय प्रत्येक मापात थोडी चूक असतेच. वाण्याच्या तराजूलाही ती असते. परीक्षेच्या बाबतीत तिचा अंदाज काढता येतो. समजा, एका परीक्षेत मार्कांचे प्रमाण विचलन १५ आहे आणि परीक्षेची विश्वसनीयता ०.९० आहे, ही चांगली मानली जाते. विश्वसनीयता एकातून वजा करून उरलेल्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने विचलनाला गुणायचे. उत्तर सुमारे ४.७ येते. याचा अर्थ, त्याच विद्यार्थ्याने तेवढ्याच तयारीने तशीच दुसरी परीक्षा दिली, तर चार-पाच मार्क इकडे-तिकडे होणे अगदी साहजिक आहे. मग ३१ आणि ३५ यांतला फरक हा विद्यार्थ्यांतला फरक आहे की त्या दिवसाचा, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे सूत्र न मांडताही ठाऊक होते, असे वाटते. ग्रेस मार्क ही सोय दुसरे काय सांगते? अलीकडे एक-दोन विषय राहिलेल्यांनाही अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळतो, तोही याच शहाणपणाचा भाग आहे. रेघेजवळच्या मुलाला दुसरी संधी देणे ही दया मुळीच नाही. मापातली चूक मापणाऱ्याने मान्य करणे आहे.

७५० पैकी २८२

मार्क आणि पुढचे कर्तृत्व यांचा संबंध किती, याचे एक उदाहरण आपल्याच तालुक्यांतून देता येते. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे वडील रामजी सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत राहिले होते. भीमराव १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ मार्क होते; म्हणजे शेकडा सदतीस-अडतीस. आजच्या यादीत हे नाव पार खाली आले असते. त्यांनी १९१२ साली बी. ए. केले, १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि पुढे तेथली व लंडनची डॉक्टरेट मिळविली.

यावरून मार्कांना काही अर्थ नाही, असे मी म्हणणार नाही. त्या काळात सगळ्यांचेच मार्क कमी असत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मॅट्रिक झाल्यावर त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. हातात पुस्तक देणारा माणूस आणि फी भरणारा हात, हेही तयारीतच धरले पाहिजेत. गुणपत्रिकेत त्यांना रकाना नाही.

तयारी म्हणजे काय?

आता दुसऱ्या बाजूचेही सांगते. मी बारावीला ७१ टक्क्यांनी पास झाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मार्कांच्या हिशेबाने मी अगदी तयार होते. पण पहिल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सर पाऊण तास बोलले आणि माझ्या वहीत चार ओळी उतरल्या. बोलणे ऐकता ऐकता लिहून घ्यायचे असते, हे मला कुणी शिकवले नव्हते. शाळेत फळ्यावरचे उतरून घेण्याची सवय. ग्रंथालयात एकाच विषयावर तीन पुस्तके तीन गोष्टी सांगू लागली, तेव्हा खरे कोणते हे विचारायला मी ग्रंथपालांकडे गेले होते. इंग्रजी संदर्भग्रंथाचे एक पान वाचायला मला तासभर लागे. पहिल्या सत्रात एक विषय राहिला. तो मी पुढे सोडविला, पण कॉलेज सोडून द्यावे असे त्या दिवाळीत दोनदा मनात आले होते.

तेव्हा आमच्या एकाच घरात दोन्ही चुका नांदत आहेत. आई तयार होती, तिला रेघेने अडविले. मी तयार नव्हते, मला रेघेने सोडले.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला लागणारी तयारी मला अनुभवाने अशी दिसते : दोन-तीन पाने वाचून त्यांतले म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगता येणे, ऐकता ऐकता टिपणे घेता येणे, दोन मते शेजारी ठेवून विचार करता येणे, न समजल्यास विचारण्याचे धैर्य असणे, आणि जेथे संदर्भपुस्तके इंग्रजीत आहेत तेथे कोशाच्या मदतीने का होईना, वाट काढता येणे. यांतले किती आपल्या बारावीच्या परीक्षेत मोजले जाते? 'रिकाम्या जागा भरा' आणि 'टिपा लिहा' यांवर पुष्कळ मार्क मिळतात. विचारण्याच्या धैर्याला मिळत नाहीत. महर्षी कर्व्यांनी आपल्या विद्यापीठात मातृभाषेतून शिक्षण सुरू केले. त्यामुळे इंग्रजीतून शिकायला तयार नसलेल्या मुली मराठीतून शिकायला तयार ठरल्या. विद्यार्थिनी बदलल्या नाहीत. शिक्षणाने एक पाऊल पुढे टाकले. तयारी ही दोन्ही बाजूंनी करायची गोष्ट आहे, हे त्यांना दिसले होते. साताऱ्याहून परतलेल्या माणसाला ते दिसावे, यात नवल नाही.

आपल्या कॉलेजात काय करता येईल?

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे. म्हणून एक लहानशी सूचना करते. आपल्या कॉलेजने पहिल्या वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रवेशानंतर एक तासाची चाचणी घ्यावी : एक मराठी उतारा, एक सोपा इंग्रजी उतारा आणि पंधरा मिनिटांच्या व्याख्यानाची टिपणे. तिच्यावर कुणाचा प्रवेश अवलंबून नसावा. पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर त्या चाचणीचे आणि बारावीचे मार्क निकालाशी ताडून पाहावेत. वर दिलेल्या काल्पनिक कोष्टकाच्या जागी आपले खरे कोष्टक तयार होईल. दोन-तीन वर्षांत आपल्याला आपल्या विद्यार्थ्यांपुरते सांगता येईल की, कोणती खूण गाठलेला विद्यार्थी बहुधा सुखरूप पार होतो आणि कुणाला हात द्यावा लागतो. विद्यार्थ्यांची नावे अर्थातच गुप्त ठेवावीत. आकडेवारी जुळविण्याचे काम आम्ही विद्यार्थी आनंदाने करू.

आणि ती रेघ सापडली की तिचा उपयोग दार लावण्यासाठी न करता दिवा लावण्यासाठी करावा. खुणेखाली असलेल्यांना पहिले दोन महिने आठवड्यातून दोन तास वाचन-लेखनाचे जादा वर्ग मिळावेत. तेही त्यांचा नेहमीचा अभ्यासक्रम चालू ठेवून. कॅलिफोर्निया राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांत प्रवेशानंतरच्या चाचणीवरून विद्यार्थ्यांना पूर्वतयारीच्या वर्गांत बसवीत असत. पुष्कळ जण तेथेच अडकून पडत आणि मूळ अभ्यासक्रमापर्यंत पोहोचतच नसत. म्हणून २०१७ साली तेथे कायदा करून शाळेतील कामगिरीला महत्त्व द्यावे आणि विद्यार्थ्यांना शक्य तितके थेट मूळ वर्गात घ्यावे, असे ठरले. मदतीचा वर्ग हाच दुसरा अडथळा होऊ नये, हा त्यातून घ्यायचा धडा.

आपल्या राज्यातही २०२१ साली, परीक्षा न झाल्यामुळे, अकरावीच्या प्रवेशासाठी सामायिक परीक्षा घेण्याचे ठरले होते. ऐन ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मला त्या वेळी सुटल्यासारखे वाटले होते. माझ्या वरच्या वर्गातल्या मैत्रिणींचा तो प्रश्न होता. आज वाटते की, आणखी एक रेघ टळली हे ठीक, पण तयारीचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. तो तसाच पुढे कॉलेजच्या पहिल्या वर्षात आला.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट सुटते, तेव्हा धक्क्यावर उतार बघून फळी टाकतात. ओहोटी असली तर फळीचा उतार अधिक असतो. अशा वेळी खलाशी म्हाताऱ्या माणसाला परत जा म्हणत नाही, हात पुढे करतो. पाणी किती खाली आहे हे त्याला नेमके ठाऊक असते, म्हणूनच त्याला हात केव्हा द्यायचा हेही कळते. मार्कांची रेघ अशी वापरता येईल.

हा लेख लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखविला. दोन चुकांच्या हिशेबाशी ती थांबली आणि म्हणाली, "तिसांतले नऊ म्हणजे दहांत तीन. थोडे नव्हेत गो." कोष्टक तिने पाहिले नव्हते, मी नुसते वाचले होते.